गॅरेजवरच्या गप्पा आणि ट्रॉलीचा मागचा दिवा



परतीच्या पावसानं वाफसा काही येऊ दिलेला नाही. रानात पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततोय. सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली झाकून ठेवली आहे, दोन दिवस ऊन पडलं तर मळणी होईल. त्यामुळं आज पिकावर लिहीत नाही. आज ट्रॅक्टरवर लिहितो. आठ दिवस झाले, आमचा ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला गॅरेजवर आहे आणि मी पण जवळपास तिथंच आहे. पोस्ट थोडी मोठी आहे, सावकाश वाचा.

आमच्या कृष्णाकाठी दसरा झाला की गॅरेजवर गर्दी सुरू होते. गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो. कुणाची क्लच प्लेट, कुणाचा हायड्रॉलिक पंप, कुणाच्या ट्रॉलीचे पाटे, कुणाचे बेअरिंग. मिस्त्री एकटा आणि हाताखाली दोन पोरं. मग नंबर लागेपर्यंत बसायचं. टायरवर बसा, जुन्या सीटवर बसा, नाहीतर उलट्या टाकलेल्या ऑईलच्या डब्यावर बसा. चहा येतोच. आणि गप्पा सुरू होतात.

या गप्पांना सुरुवात रंगापासून होते. लालवाले एका बाजूला, निळेवाले दुसऱ्या बाजूला, हिरवेवाले मधी. लालवाला म्हणतो, "तुझा निळा वढायला बरा हाय, पण डिझेल बघून वढतो." निळेवाला म्हणतो, "तुझा लाल डिझेल कमी खातो म्हंजे कामच कमी करतोय मर्दा." हिरवेवाला गप बसतो, कारण त्याच्या पार्टची किंमत सगळ्यांना माहीत असते. या भांडणाचा निकाल गेल्या तीस वर्षांत लागलेला नाही आणि लागू पण नये. लागला तर गॅरेजवर बसायचं कशाला?

आमच्यात एक तात्या आहेत, वय सत्तरच्या पुढं. त्यांच्याकडं अजून एचएमटी आहे. पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं सरकारनं 2016 साली ठरवलं, पण तात्यांनी काही त्यांचा ट्रॅक्टर बंद करायचं ठरवलेलं नाही. पार्ट मिळत नाही म्हणून कुठं कुठं फिरतात. भंगारवाल्याकडनं आणतात, लेथवर बनवून घेतात. पोरं चेष्टा करतात, "तात्या, ह्याला आता म्युझियममधी ठेवा." तात्या म्हणतात, "ठिवतो की. तुझा हप्ता फिटला की सांग, त्या दिवशी ठिवतो." सगळे हसतात. ज्याला बोलले तो सगळ्यात जास्त हसतो, कारण त्याचे अजून साडेतीन वर्षांचे हप्ते राहिलेत.

नव्या ट्रॅक्टरचा विषय निघाला की मिस्त्री पाना खाली ठेवून बोलतो. जानेवारी 2023 पासून पन्नास एचपीच्या वरच्या नवीन ट्रॅक्टरना धुराचे नियम कडक झाले. त्यामुळं त्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये सेन्सर आले, कॉम्प्युटर आला. मिस्त्री म्हणतो, "आदी आवाज ऐकून सांगत होतो काय झालंय. आता आवाज ऐकला तरी स्कॅनर जोडल्याबिगर हात लावता येत नाही." हे खरं आहे. जुन्या इंजिनाला कान लावायचा, नव्याला वायर लावायची. पण एक गोष्ट दोन्हीला सारखीच आहे. हवा, पाणी आणि ऑईल. ही तीन बघितली नाहीत तर सेन्सरवाला पण बसतो आणि एचएमटी पण.

तर मिस्त्रीकडनं ऐकलेलं आणि स्वतः वापरून पटलेलं थोडं लिहितो, नवीन पोरांना उपयोगी पडेल.

धुराचा रंग बघायला शिका. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर क्लिनर चोंदला असेल, नोझल टिपकत असेल, नाहीतर लोड झेपत नसेल. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. रिंगा नाहीतर व्हॉल्व्हची बाजू बघावी लागणार. सकाळी चालू करताना थोडा पांढरा आला आणि गरम झाल्यावर गेला तर काळजी नाही. पण गरम झाल्यावर पण पांढरा येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट बघून घ्या. पाणी घालत घालत हंगाम काढायच्या नादात लोक इंजिन घालवतात.

ऑईल बाथ एअर क्लिनर असेल तर वाटीतलं ऑईल बघा. उन्हाळ्यात रोटर मारताना धुळीचा लोट उठतो, तेव्हा रोज बघावं लागतं. खाली गाळ बसला की ती वाटी धुवून नवीन ऑईल घाला. खुणेपर्यंतच घाला, जास्त नाही. आणि ऊसवाल्यांनी रेडिएटरची जाळी रोज संध्याकाळी झाडावी. फडातलं पाचट आणि तुसं जाळीवर बसतात आणि मग माणूस म्हणतो, ट्रॅक्टर गरम का होतोय. अंगावर घोंगडं टाकून उन्हात उभं केल्यावर गरम होणारच की.

आता गॅरेजवरचा सगळ्यात रंगणारा विषय, म्हणजे मॉडिफाय करणं.

पोरांना ट्रॅक्टर घेतला की आठ दिवसांत तो वेगळा दिसला पाहिजे असतो. पुढं जाड बंपर, वर गोंडे, नावाचा बोर्ड, निळ्या-जांभळ्या लाईटी, सीटच्या मागं डेक आणि चार स्पीकर. सायलेन्सर काढून उभी पुंगळी. आणि हौस पुरती भागली नाही की मिस्त्रीला हळूच सांगायचं, "पंप जरा वाढवून द्या की."

पंप वाढवणं म्हणजे काय ते सांगतो. डिझेल पंपाचं सील तोडून इंजिनात जास्त डिझेल जाईल असं सेटिंग करायचं. त्यानं ओढ वाढल्यासारखी वाटते, खोटं नाही. पण इंजिनात हवा तेवढीच जाते. जास्तीचं डिझेल पुरतं जळत नाही, म्हणून काळा धूर. उष्णता वाढते, पिस्टनचं डोकं तापतं, रिंगा जातात, गॅस्केट जातं. वॉरंटी तर सील तुटलं त्या दिवशीच गेली. आमचा मिस्त्री पंप वाढवून देत नाही. म्हणतो, "मी वाढवून दिला तर पुढच्या साली इंजिन काम माझ्याकडंच येणार, मला फायदाच हाय. पर तुझ्या बापाला तोंड कसं दावू?"

कायद्याचं पण सांगून ठेवतो, कारण पोरांना वाटतं ट्रॅक्टरला कोण विचारतंय. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्याच्या कलम 52 मध्ये कंपनीनं दिलेल्या गाडीत परस्पर बदल करायला बंदी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला एका बदलाला पाच हजार रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही, असं लिहिलेलं आहे. मालकाला म्हणजे कुणाला? ज्याच्या नावावर ट्रॅक्टर आहे त्याला. आणि आपल्याकडं ट्रॅक्टर बहुतेक वेळा बापाच्या नावावर असतो. पुंगळी पोराची आणि पावती बापाची.

मी काही हौसेच्या विरुद्ध नाही. आम्ही पण बैलांची शिंगं रंगवलीच की. झूल घातली, गोंडे बांधले. पोरं ट्रॅक्टरला बांधतात, एवढाच फरक. पण बैलाला सजवताना त्याच्या डोळ्यावर कुणी पट्टी बांधली नाही. मिस्त्रीनं याचे दोन भाग केलेत, ते मला पटतात. एक मिरवायचं काम आणि एक कामाचं काम. कामाचं काम म्हणजे पुढं वजनं लावणं, मागच्या टायरात पाणी भरणं, उन्हासाठी वर छत, हत्यारांची पेटी, सीटला चांगली गादी. यातलं प्रत्येक काम आपला जीव नाहीतर कंबर वाचवतं. चिखलात ओढताना तोंड उचलतं, तिथं डेक उपयोगी पडत नाही, पुढची वजनं पडतात.

तोंड उचलण्यावरनं आठवलं. फसलेला ट्रॅक्टर नाहीतर ट्रॉली काढताना साखळी नेहमी खालच्या हुकाला लावायची. वर टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून जोर केला की ट्रॅक्टर मागं उलटतो. दुसरं, मागच्या चाकाला ओंडका बांधून निघायचा प्रयत्न करू नका. चाकाला फिरायला वाट नसली की चाक जागेवर राहतं आणि ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. तोंड वर आणि ड्रायव्हर खाली. उडी मारायला वेळ मिळत नाही. ट्रॉली फसली तर माल उतरा. तास जाईल, पण माणूस राहील.

पीटीओचं पण एक. साधा पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतो. म्हणजे सेकंदाला नऊ. सेकंदाला नऊ फेरे फिरणाऱ्या शाफ्टात ओढणीचं टोक गेलं, टॉवेल गेला, ढिली बाही गेली, तर "थांब" म्हणेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर ग्रीस करताना अडचण होते म्हणून लोक काढून टाकतात. ते काढू नका. मळणीला घरातल्या बायका, शेजारपाजारच्या बायका जवळ असतात. त्यांच्यासाठी तरी ठेवा.

आता ड्रायव्हर लोकांवर येऊ. यात गॅरेजवर कुणाचीच सुटका नाही.

आमच्याकडं जत्रेत ट्रॅक्टर रिव्हर्सच्या स्पर्धा होतात. ट्रॉली जोडून आखलेल्या रेघेतनं कमी वेळात मागं न्यायची. ज्यांनी कधी ट्रॉली मागं घेतली नाही त्यांना सांगतो, कार मागं घेणं आणि ट्रॉली मागं घेणं यात फार फरक आहे. ट्रॉली उजवीकडं न्यायची तर स्टिअरिंग आधी डावीकडं फिरवावं लागतं. दोन चाकी ट्रॉली त्यातल्या त्यात सोपी. चार चाकीला पुढचा आख फिरतो, म्हणजे वळायच्या जागा दोन झाल्या. दोन ट्रॉल्या जोडल्या की भलेभले खाली उतरून डोकं खाजवतात. आमच्या इथली पोरं बिनचूक मागं घेतात. बघताना छाती फुगते, खोटं कशाला बोलू.

पण तीच पोरं रस्त्यावर पुढं जाताना काय करतात बघा. उतार लागला की डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. मागं पंधरा-वीस टन ऊस असतो, बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, आणि इंजिनची धरही सोडून दिली. मग ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नाही, ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. वळणावर ती आडवी होते. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे आम्हाला जुन्या लोकांनी शिकवलं होतं.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचं ब्रेक पेडल वेगवेगळं असतं, रानात कोपऱ्यावर वळायला सोपं जावं म्हणून. रस्त्यावर आलं की दोन्ही पेडल जोडणारी कडी लावायची असते. किती जण लावतात? वेगात असताना घाबरून एकाच पेडलवर पाय पडला तर एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ती कडी लावायला पैसे पडत नाहीत आणि वेळ पण लागत नाही.

आणि मडगार्डवर माणसं बसवणं. ट्रॅक्टरला कंपनीनं सीट एक दिली आहे. आपण त्याचा वडाप करतो.

कारवाल्यांना पण सोडत नाही. गॅरेजवर अधूनमधून कारवाले येतात, पंक्चर काढायला नाहीतर रेडिएटरात पाणी घालायला. ते म्हणतात, ट्रॅक्टरवाले मधनं चालवतात, बाजू देत नाहीत, डेकच्या आवाजात हॉर्न ऐकू जात नाही. खरं आहे. आम्ही म्हणतो, तुम्ही समोरनं अप्पर मारत येता, डिपर करत नाही, आणि भरलेल्या दोन ट्रॉल्यांना वळणावर ओव्हरटेक करून पुढं येऊन ब्रेक मारता. वीस टन माल जागेवर थांबत नसतो. हे पण खरं आहे. मोटारसायकलवाल्या पोरांचं तर काय बोलायचं, हेल्मेट आरशाला अडकवलेलं असतं. दोन्ही बाजू खऱ्या असतात म्हणून वाद मिटत नाही, आणि चहा दुसऱ्यांदा येतो.

इथपर्यंत सगळी चेष्टामस्करी होती. आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझा धाकटा मावसभाऊ गेला. रात्रीचे आठ वाजले असतील. बाजार करून मोटारसायकलवरून घराकडं निघाला होता. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. अर्धी रस्त्यावर, अर्धी साईडपट्टीवर. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि उसाचे शेंडे दीड-दोन हात बाहेर आलेले. समोरनं एक गाडी अप्पर मारत आली. मावसभाऊ सरळ मागनं त्या ट्रॉलीवर गेला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. मागं बायको आणि दोन मुली आहेत. थोरली आता दहावीला आहे.

ट्रॉलीचा ड्रायव्हर बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा होता, लांबच्या गावचा. पळून गेला नाही. त्यानंच रस्त्यावरची गाडी थांबवून मावसभावाला उचलून दवाखान्यात नेलं. मी तिथं पोचलो तेव्हा भिंतीला टेकून बसला होता, शर्टाला रक्त होतं, बोलता येत नव्हतं त्याला. मला त्याचा राग करायचा होता, पण झाला नाही. नंतर त्याचा ट्रॅक्टर बघितला. पुढं सहा लाईटी होत्या. निळी पट्टी होती, बोर्डाच्या कडेनं फिरणारे दिवे होते, सीटमागं डेक होता. ट्रॉलीच्या मागं एक साधा लाल दिवा नव्हता.

पुढच्या आठवड्यात गॅरेजवर हा विषय निघाला, तेव्हा एक जण म्हणाला, "ट्रॉली केवढी मोठी असते, मोटारसायकलवाल्याला दिसत नाही का?" तो वाईट माणूस नाही. बऱ्याच जणांना असंच वाटतं. म्हणून त्या दिवशी तिथं खडूनं फरशीवर हिशोब मांडला, तो इथं पण मांडतो.

मोटारसायकल ताशी साठनं चालली असेल तर सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. डिपरचा उजेड जेमतेम तीस-चाळीस मीटर पडतो. म्हणजे वस्तू उजेडात आल्यापासून ती अंगावर येईपर्यंत दोन सेकंद, फार तर अडीच. त्यातलं एक सेकंद "हे काय आहे" हे कळायलाच जातं. मातीनं माखलेली ट्रॉली आणि वर वाळलेलं पाचट, रात्री रस्त्याच्याच रंगाचं दिसतं. उरलेल्या एका सेकंदात ब्रेक मारून गाडी थांबत नाही. आणि समोरनं अप्पर आला तर डोळे मिटल्यासारखंच असतं, तेव्हा ते दोन सेकंद पण मिळत नाहीत. रिफ्लेक्टरची पट्टी असली तर ती डिपरच्या उजेडाच्या किती तरी आधी चमकते. माणसाला चार-पाच सेकंद जास्त मिळतात. त्यात गाडी थांबते, नाहीतर वळते तरी.

हिशोब संपला तेव्हा कुणी बोललं नाही. मग तात्या म्हणाले, "बैलगाडीला आमी कंदील बांधत होतो की रं. गाडीच्या खाली, आखाला. चोरीच्या भ्यानं नव्हं, मागनं येणाऱ्याला दिसावं म्हणून." बैलगाडीचा वेग तो किती, आणि तिला कंदील होता. वीस टन घेऊन जाणाऱ्या ट्रॉलीला नाही.

त्या दिवसापासून मिस्त्रीनं एक नियम केला आहे. हंगामाच्या आधी कुठल्याही कामाला ट्रॉली आली, मग पाट्याचं काम असू दे की वेल्डिंगचं, पट्टी लावल्याशिवाय ती गॅरेजच्या बाहेर जात नाही. पट्टीचे पैसे बिलात धरतो. कुणी कुरकुर केली तर म्हणतो, "पट्टीचं देऊ नका, पर मग बाकीचं बिल पण नको मला, ट्रॉली घेऊन जावा." अजून तरी तसं कुणी घेऊन गेलेलं नाही. पट्टी लावायची ती पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. फळ्यावरची माती, गंज घासून काढायचा, फडक्यानं पुसायचं, कोरडं झाल्यावर चिकटवायची. ओल्यावर लावली तर दुसऱ्या खेपेला गळून पडते. आणि पट्टी दिसेल अशी ठेवायची. ऊस भरताना शेंडे मागं लोंबले की पट्टी झाकली जाते, मग ती असून नसल्यासारखी. गाडी भरून झाली की मागं दहा पावलं चालत जाऊन बघा, एवढंच.

दिवा लावा म्हटलं की ड्रायव्हर सांगतात, वायर टिकत नाही. बरोबर आहे त्यांचं. कारखान्याच्या यार्डात ट्रॉल्या सोडताना-जोडताना ट्रॅक्टर पुढं काढला की वायर तुटते. दोन ट्रॉल्या असल्या की दोन ठिकाणी तुटते. पोरांनी त्यावर उपाय काढलाय. वायर दांडीच्या वरनं पाईपात घातली, दोन्हीकडं ओढल्यावर सुटणारा प्लग बसवला. विसरून गाडी ओढली तर प्लग सुटतो, वायर तुटत नाही. हे ज्यानं बसवलं तो तोच पोरगा, ज्याचा पंप मिस्त्रीनं वाढवला नव्हता. हौस तीच, डोकं तेच, फक्त ट्रॅक्टरच्या पुढं खर्च होत होतं ते मागं झालं.

आता माझ्या घरचं. माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. यंदा त्याला ऊस वाहतुकीचा करार करायचा आहे. टोळी ठरली आहे, मुकादमाला उचल द्यायची बोलणी झाली आहेत. शेतीचं उत्पन्न तुम्हाला माहीतच आहे, त्याचं म्हणणं चुकीचं नाही. ट्रॅक्टर चार महिने दारात उभा राहण्यापेक्षा हप्ता तरी भागेल. त्याची आई नको म्हणते. मावसभाऊ गेल्यापासून रात्री ट्रॉलीचा आवाज आला की ती उठून बसते. चार दिवस घरात हाच विषय आहे.

मी त्याला हो म्हटलं आहे. पण चार गोष्टी सांगितल्या. पट्टी आणि दिवा असल्याशिवाय ट्रॉली फडातनं हलवायची नाही. खेप कमी झाली तरी चालेल पण झोप आली की गाडी बाजूला लावून झोपायचं, कारखान्याचा नंबर जाऊ दे. मडगार्डवर टोळीतलं पोरगं असो नाहीतर मित्र, कुणी बसणार नाही. आणि ट्रॅक्टरचा विमा वेगळा, ट्रॉलीचा वेगळा, वाहतुकीला चालतो का ते कागद वाचून बघायचं, एजंटाच्या तोंडी सांगण्यावर राहायचं नाही.

तो म्हणाला, "आणि डेक?"

म्हटलं, "डेक लाव. पण मागनं हॉर्न ऐकू आला पाहिजे एवढ्याच आवाजात. आणि आधी मागचा दिवा, मग डेक."

म्हणाला, "आप्पा, डेकच्या पैशात चार ट्रॉल्यांना पट्टी लागंल."

म्हटलं, "मग लाव की चार ट्रॉल्यांना." तो हसला. काल गॅरेजवर गेलो तर मिस्त्रीनं सांगितलं, पोरगा पट्टीचा अख्खा बंडल घेऊन आला होता. आमच्या दोन ट्रॉल्यांना लावून उरली ती तात्यांच्या ट्रॉलीला लावली. त्या एचएमटीची मागची बाजू आता नव्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त चमकते. तात्या सगळ्यांना मुद्दाम मागनं दाखवतात.

अजून एक राहिलं. पंक्चर झाली, खिळ तुटली, आख मोडला, तर ट्रॉलीच्या चारीबाजूला आपण दगड मांडतो, फांद्या टाकतो. काम झालं की गाडी घेऊन जातो आणि दगड रस्त्यात तसेच राहतात. त्या दगडावर रात्री कुणीतरी पडतं. ते दगड उचलून बाजूला टाकून मग निघा. पाच मिनिटं लागत नाहीत. आणि ट्रॉली उभी राहिलीच तर बॅटरी घेऊन माणूस ट्रॉलीजवळ नको, मागं पन्नास-साठ पावलांवर उभा करा, जिकडनं गाड्या येतात तिकडं.

अपघात दिसला तर थांबा, उचलून दवाखान्यात न्या. पोलिसांचं लचांड मागं लागेल म्हणून लोक घाबरतात. 2019 च्या दुरुस्तीत कलम 134 अ घातलं आहे. मदत करणाऱ्या माणसावर त्या मदतीपायी खटला होत नाही, आणि आपलं नाव-पत्ता सांगायची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. हे गावात सगळ्यांना सांगा.

हंगाम सुरू व्हायला थोडेच दिवस राहिलेत. तुमच्या गावात किती ट्रॉल्या आहेत आणि त्यातल्या कितींना मागं पट्टी आहे, एकदा संध्याकाळी चक्कर मारून मोजा आणि खाली कळवा. आमच्या गावातल्या मोजून झाल्यात, अजून अकरा राहिल्यात. त्यांच्या मालकांना मी आणि तात्या उद्या भेटणार आहोत. बंडल घेऊनच जाणार आहोत, म्हणजे "बघू की नंतर" म्हणायला जागा नको.

ऊन पडलं तर परवा मळणी. सोयाबीनला ओल किती लागली आणि भाव काय मिळाला ते पुढच्या वेळी लिहितो.

राम राम.